चोपडी चुलीत घालू नका



आमसुलं कशी टिकवावी, पावसाळ्याचं सामान कधी भरावं, नव्या सुनेला घरात कसं सामावून घ्यावं, असल्या गोष्टी आपण या सदरात नेहमीच बोलतो. आजचा विषय जरासा निराळा आहे. पण तोही घरातलाच आहे, आणि ज्यांच्या घरात वयात आलेली लेक आहे त्यांच्या तर अगदी जिव्हाळ्याचा.

मालवणच्या बाजूच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नये असं त्यांनी कळवलंय, ते योग्यच. त्यांची मुलगी मुंबईला कॉलेजात शिकते. गणपतीला घरी आली तेव्हा तिचे कपडे धुवायला काढताना पिशवीत एक झेरॉक्सची चोपडी सापडली. हाताने लिहिलेली, मासिकांतली चित्रं कापून चिकटवलेली, ओळी वाकड्यातिकड्या. एका पानावर गर्दीच्या बसमध्ये मुलींना काय सोसावं लागतं ते लिहिलेलं, दुसऱ्यावर पाळीविषयी, तिसऱ्यावर साबणाच्या जाहिरातीतल्या सुंदर बाईला पेनाने मिशा काढलेल्या. आणि शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत नुसतंच 'ग्रर्र'. भगिनी विचारतात, "हे कसलं वाङ्मय? मुलगी वाईट संगतीला तर लागली नाही ना? ह्यांना दाखवू, की गुपचूप न्हाणीच्या चुलीत घालू?"

भगिनी, दोन्ही करू नका. चोपडी होती तशी घडी घालून पिशवीत ठेवा. मुलीशी काय आणि कसं बोलायचं ते पुढे सांगते. त्याआधी हा प्रकार आहे तरी काय, ते समजून घ्या. निम्मी भीती तिथेच जाईल.

अशा चोपडीला 'झीन' म्हणतात. मॅगझीन या शब्दाचं शेपूट तेवढं ठेवलेलं. मासिकाला संपादक लागतो, छापखाना लागतो, जाहिराती लागतात, वर्गणीदार लागतात. झीनला कोरा कागद, कात्री, खळ आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान एवढं पुरतं. लिहिणारी तीच, चित्रं लावणारी तीच आणि वाटणारीही तीच. वीस-पंचवीस प्रती निघतात, फार तर शंभर. त्यातून पैसा करायचा नसतो. आपल्या शाळेत, महिला मंडळात हस्तलिखित निघायचं ते आठवतं का? कोणाचं अक्षर वळणदार, कोणाची चित्रकला बरी, अशी कामं वाटून घेतलेली असायची. झीन ही त्या हस्तलिखिताची नात म्हणायला हरकत नाही. नात जरा तोंडाळ आहे, इतकंच.

आता त्या 'ग्रर्र'चं कोडं.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्यात ऑलिंपिया नावाचं एक लहानसं शहर आहे. १९९० च्या सुमाराला तिथल्या तरुण मुलांत पंक संगीताचं फार वेड होतं. पंक म्हणजे गळा तयार असो नसो, गिटारवर दोन-चार सूर शिकायचे, ढोल बडवायचा आणि मनातला संताप गाऊन मोकळं व्हायचं. 'कोणीही गाऊ शकतो' असं त्या मंडळींचं म्हणणं. पण प्रत्यक्षात मंचावर बहुतेक मुलगेच. मंचासमोर पोरांची धक्काबुक्की चालायची, आणि मुली मागे भिंतीला टेकून मित्रांचे कोट सांभाळत उभ्या. बंडखोरांच्या पंगतीतही वाढपीण तीच, असा हा प्रकार! आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

तिथल्या टोबी व्हेल नावाच्या मुलीने 'जिगसॉ' नावाची झीन काढली होती. कॅथलीन हॅना ही दुसरी मुलगी; ती घरात मार खाणाऱ्या बायकांच्या आश्रयघरात काम करायची, त्यामुळे बंद दाराआड काय चालतं ते तिने जवळून पाहिलेलं. या दोघींनी इतरांना घेऊन 'बिकिनी किल' नावाचं गायनपथक उभं केलं आणि त्याच नावाची झीनही काढली. अ‍ॅलिसन वुल्फ आणि मॉली न्यूमन या दोन मैत्रिणींची 'गर्ल जर्म्स' ही आणखी एक. १९९१ च्या उन्हाळ्यात या मुली राजधानीच्या वॉशिंग्टन शहरात एकत्र आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या माउंट प्लेझंट वस्तीत दंगल झाली होती. त्यांची एक मैत्रीण जेन स्मिथ हिच्या मनात आलं की, आता मुलींनीच एक दंगा करायला हवा. त्यातून 'रायट गर्ल' नावाचं छोटंसं पत्रक निघालं. रायट म्हणजे दंगा. गर्ल म्हणजे मुलगी. पण त्या शब्दातला स्वर काढून टाकून मुलींनी तिथे तीन वेळा 'र' घातला. मांजर अंगावर जायच्या आधी गुरगुरतं ना, तसा तो शब्द वाचताना आवाज होतो. 'ग्रर्र' ते हेच.

दंगा म्हणजे दगडफेक नव्हे हो. दर आठवड्याला मुलींनी एका खोलीत जमायचं, मुलग्यांना प्रवेश नाही, आणि जे आईला, बहिणीला, डॉक्टरला सांगता आलेलं नाही ते एकमेकींना सांगायचं. कोणाला घरच्याच माणसाची भीती, कोणी जाडी म्हणून उपाशी राहणारी, कोणाला रस्त्यात हात लावलेला. मुली एकमेकींचा मत्सर का करतात, यावरही त्या बोलत. मग ते कागदावर उतरायचं, झेरॉक्स व्हायचं आणि टपालाने गावोगाव जायचं. कुठल्याशा खेड्यातली सोळा वर्षांची पोर ते वाचायची आणि तिच्या लक्षात यायचं, "अगंबाई, हे माझ्या एकटीचं नाही!" आपल्याकडे दुपारी मागच्या पडवीत तांदूळ निवडताना जे बोलणं होतं, ते त्यांनी टपालात टाकलं म्हणा.

गाण्याच्या कार्यक्रमात कॅथलीन मुलग्यांना मागे सरायला सांगायची आणि मुलींना पुढे बोलवायची. मुलींना ज्या शिव्या हासडल्या जातात त्यातली एखादी स्वतःच्या पोटावर ठळक अक्षरांत लिहून ती गायला उभी राहायची. तुम्ही म्हणाल तेच आणि तेवढंच ना, घ्या वाचा, असा त्याचा अर्थ. आपल्याला हे पटेलच असं नाही. मला स्वतःला अंगावर लिहिण्यापेक्षा कागदावर लिहिलेलं बरं वाटतं. पण वर्तमानपत्रांनी काय केलं बघा. मुली काय सांगतायत ते बाजूलाच, त्यांचे कपडे कसे, केस कसे, यावरच रकाने भरले. तेव्हा १९९२ नंतर त्यातल्या बऱ्याच जणींनी बातमीदारांशी बोलणंच सोडलं. आमचं आम्ही लिहू, आमचं आम्ही वाटू.

त्यांच्यात उणिवाही होत्या. बहुतेक मुली गोऱ्या, मध्यम वर्गातल्या. काळ्या, आशियाई मुलींना वाटू लागलं की, 'आपण साऱ्या बहिणी' म्हणताना आमचं दुःख यांना दिसतच नाही. मिमी थी न्विन या व्हिएतनामी वंशाच्या तरुणीने १९९७ मध्ये अशा मुलींचं लेखन एकत्र करून वेगळी झीन काढली आणि हे तोंडावर सांगितलं. त्याच वर्षी 'बिकिनी किल' पथकही थांबलं. (२०१९ मध्ये ते पुन्हा मंचावर उभं राहिलं, तेव्हा जुन्या श्रोत्या आपापल्या लेकींना घेऊन गेल्या.) पथकं थांबली, तरी कागद टिकले. कॅथलीनने आपल्या फायलींचं कपाटच्या कपाट न्यू यॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयाला देऊन टाकलं. इतरांनीही आपापल्या पेट्या दिल्या. २०१३ मध्ये त्या कागदांतले निवडक एका जाडजूड पुस्तकात छापले गेले. ज्यांना आयांनी 'कचरा' म्हटलं असेल, ते कागद आता अभ्यासक हात धुऊन हाताळतात!

आता तुमच्या मनात येईल, त्या अमेरिकेतल्या पोरी, त्यांचं आम्हाला काय? आमच्यात असलं कधी होतं का?

होतं. अगदी आपल्या घरात होतं. गौरी-गणपतीत आपल्या सिंधुदुर्गात फुगड्यांच्या रात्री रंगतात, तेव्हाची गाणी आठवा. सासू, नणंद, घोव, कोणाची म्हणून गय नसते! वर्षभर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी सासुरवाशीण त्या रात्री सगळ्यांदेखत नाव घेऊन ऐकवते, आणि ज्यांना ऐकवते त्याही हसून पुढची ओळ जोडतात. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या लिहून घेतल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! लिहायला-वाचायला न येणाऱ्या बायकांचं हे लेखन. फरक इतकाच की ओवी हवेत विरायची, जातं थांबलं की गाणं थांबायचं.

कागदावर उतरलेलं बंड पाहायचं तर १८५५ सालात जावं लागेल. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो त्या वर्षी 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, तर आमचा धर्म तरी कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता. बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या जातीच्या बायकांचे हालही तिने त्यात मांडले. शाळकरी मुलगी ही! 'गप्प बस, तुला काय कळतं' असं तिला तिच्या गुरुजनांनी म्हटलं असतं, तर आज आपल्याला तो निबंध मिळाला नसता.

दुसरी बुलढाण्याची ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिने आपलं नवजात मूल मारलं होतं. तिला फाशी सुनावली गेली, पुढे ती सौम्य झाली. पण वर्तमानपत्रांनी एका बाईच्या अपराधावरून सगळ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. ताराबाईंना ते सहन झालं नाही. कुठल्या सभेत बोलायची त्यांना सोय नव्हती. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' नावाची एक चोपडी लिहून पुण्याच्या छापखान्यातून छापून घेतली. प्रती ५००, किंमत नऊ आणे. बायकांच्या नावाने जे दोष सांगता ते पुरुषांत नाहीत का, असं एकेक कलम घेऊन त्यांनी असं झोडपलं आहे की वाचताना आजही हसू आणि रडू बरोबरच येतं. भाषा अगदी घरातली, शेलकी.

पुढे काय झालं? टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. हा 'सत्सार'ही छोट्या चोपडीसारखाच, दोनच अंक निघालेला. नंतर ताराबाईंचं दुसरं कुठलं पुस्तक आलं नाही आणि लोक त्यांना विसरले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती चोपडी पुन्हा छापली, तेव्हा आपल्याला कळलं की अशी एक बाई होऊन गेली. मध्ये ९३ वर्षं गेली! त्या पाचशे प्रतींतल्या किती प्रती कोणाच्या न्हाणीच्या चुलीत गेल्या असतील, देव जाणे. चोपडी चुलीत घालू नका असं मी म्हणते, ते उगाच नाही.

मुंबईच्या मराठी लेखकांनीही १९५५ ते ७० च्या काळात 'शब्द', 'असो', 'फक्त', 'येरू' अशी अनियतकालिकं काढली, काही चक्रमुद्रित. मोठ्या मासिकांना न विचारता आम्ही आमचं छापू, हाच बाणा. पण त्यातही बहुतेक पुरुषच. ऑलिंपियात जे तेच गिरगावात!

आणि पंकच्या ढोलाचं म्हणाल, तर आपल्या बायकांनी तो त्यांच्याआधीच वाजवला आहे. १९७२ मध्ये दुष्काळ पडला, तेल, साखर, धान्य महागलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाई प्रतिकार समिती उभी केली. प्रमिलाताई म्हणजे पूर्वीच्या आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार मधु दंडवते यांच्या पत्नी. मुंबईच्या रस्त्यावर हजारो गृहिणी थाळी आणि लाटणं घेऊन उतरल्या. त्या आवाजाने मंत्रालयाला जाग आली. गिटार परवडत नव्हतं, पण लाटणं प्रत्येकीच्या घरी होतं.

आता एका पत्राची गोष्ट सांगते, म्हणजे चार कागद काय करू शकतात ते कळेल. १९७२ मध्ये विदर्भात देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना सोडून दिलं. तिने आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमती असणार, असा एकूण निकालाचा सूर. ही बातमी लोक विसरूनही गेले असते. पण १९७९ च्या सप्टेंबरात चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि आपल्या वसुधा धागमवार. घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी न्यायालयाला समजावलं. त्या पत्राच्या प्रती हातोहात फिरल्या. १९८० मध्ये मुंबईत बायकांची बलात्कारविरोधी संघटना उभी राहिली, ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा गुन्ह्यांत, बाईने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं की न्यायालयाने तेच धरून चालावं, हे तेव्हापासून आलं. एका पत्राने सगळं झालं असं मी म्हणणार नाही. रस्त्यावर उतरलेल्या बायकांनी ते झालं. पण त्या उतरल्या त्या ते पत्र वाचून.

त्याच सुमाराला पुण्यातून बायकांनी 'बायजा' सुरू केलं (१९७७), पुढे विद्या बाळ यांनी 'मिळून साऱ्याजणी' (१९८९). आणि मिमी न्विनने तिकडे जो सवाल केला, तो इथेही विचारला गेला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. नावातल्या 'ही'वर किती जोर आहे बघा! उर्मिलाताई आपल्या रत्नागिरीकडच्या. मुंबईत आता झीनही निघतात. अकी थामी या कलावंत स्त्रीने तर स्त्रियांनीच लिहिलेल्या पुस्तकांचं आणि झीनचं 'सिस्टर लायब्ररी' नावाचं ग्रंथालय उभं केलं.

तेव्हा तुमच्या लेकीची चोपडी आभाळातून पडलेली नाही, भगिनी. तिच्यामागे ओवी म्हणणाऱ्या तुमच्या आजीपासूनची रांग उभी आहे. तोंडातल्या तोंडात राहिली की तक्रार रडगाणं ठरते. कागदावर उतरून चार हातांत गेली की लोकांना तिची दखल घ्यावी लागते.

आता मुलीशी बोलण्याविषयी. पहिली गोष्ट, लपवाछपवी नको. "कपडे काढताना तुझी चोपडी हाती आली, मी थोडी वाचली," असं सरळ सांगा. ती चिडेल. चिडू द्या. लगेच 'हे असलं लिहितात का' म्हणू नका; आधी विचारा, "तू लिहिलंस की मैत्रिणीने?" मग बसचं ते पान काढा. तिथेच खरी मेख आहे. ते तिच्यावर गुदरलं असेल, तर तिने आधी कागदाला सांगितलं आणि आईला सांगितलं नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. पण का सांगितलं नाही, याचा मनाशी विचार करा. 'तूच नीट बसायचं', 'उद्यापासून जाऊ नको', अशी उत्तरं मुलींनी इतकी ऐकलेली असतात की त्या विचारणंच सोडतात. तिला फक्त ऐका. जमलं तर तुमच्या वेळची एखादी गोष्ट तिला सांगा. आपल्यातल्या कोणाजवळ नाही? एसटीतली, जत्रेतली, नाटकाच्या गर्दीतली. वीस-तीस वर्षं पोटात ठेवलेली असते. आईने ती सांगितली की मुलीला बळ येतं. आणि काही गंभीर असेल तर पुढचं पाऊल तिला विचारूनच टाका: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

ह्यांना सांगायचं की नाही? मुलीला विचारून ठरवा. चोपडी तिची आहे.

आणि माझं ऐकाल तर तुम्हीही एक करून बघा. महिला मंडळात, बचत गटात, हळदीकुंकवाला जमता तेव्हा एक दुपार पुरेल. कृती अगदी सोपी आहे.

साहित्य: एक कोरा कागद (झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो नेहमीच्या मापाचा), काळ्या शाईचं पेन, कात्री, खळ, जुनी मासिकं.

कृती: कागद आडवा धरून लांबीच्या रेषेवर मधोमध दुमडा आणि उघडा. आता डावी कड उजव्या कडेला लावून दुमडा, तशीच आणखी एकदा दुमडा आणि पूर्ण उघडा. कागदावर आठ सारखे चौकोन दिसतील. आता पुन्हा डावी कड उजव्या कडेला लावून एकदाच दुमडा. दुमडलेल्या बाजूने, मधल्या लांब घडीवर, फक्त एका चौकोनापुरती कात्री चालवा. कागद उघडला की मध्ये एक फट दिसेल. लांबीच्या घडीवर कागद दुमडून दोन्ही टोकं आत ढकला. फट उघडून चांदणीसारखा आकार होईल. पानं एकावर एक बसवली की आठ पानांची चोपडी तयार, टाका नको की टाचणी नको. आता पेन्सिलने पानांना १ ते ८ आकडे घाला, मग कागद पुन्हा उलगडा आणि लिहा. काही आकडे उलटे दिसतील, गोंधळू नका. आकडा सुलट येईल तसा कागद फिरवून लिहायचं. सगळा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला येतो, म्हणून झेरॉक्स एका बाजूचीच आणि स्वस्तात होते. निळं पेन आणि पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकी उमटतात. कडेला अर्धं बोट जागा सोडा, नाहीतर अक्षरं कापली जातात.

काय लिहायचं? घरात दिवसभर कोण किती वेळ बसतं आणि कोण किती वेळ उभं असतं, याचा एक दिवसाचा हिशेब लिहा. मासळी बाजारात बसणाऱ्या बाईला लघवीला जायची सोय आहे का, ते लिहा. सासूकडून शिकलेली फुगडी लिहून ठेवा, नाहीतर ती तुमच्याबरोबरच जाईल. ज्या बाईला लिहिता येत नाही तिच्याकडून सांगून घ्या आणि तिच्याच शब्दांत उतरवा. 'शुद्ध' करत बसू नका, मालवणी तर मालवणी.

दोन पथ्यं मात्र पाळा. कोणाचं नाव घेऊन आरोप छापायच्या आधी वकिलाला विचारा. आणि जिच्यावर अत्याचार झाला तिची ओळख कधीही छापू नका. ती छापणं हा गुन्हा आहे. चोपडीचा फोटो फोनवर कोणाला पाठवायच्या आधीही दहादा विचार करा. कागद चार हातांत फिरतो, फोटो चार हजार हातांत जातो.

शेवटी टिकवण्याविषयी. आपली हवा खारी आणि दमट. पिना आणि टाचण्या एका पावसाळ्यात गंजतात आणि कागद खातात. म्हणून शिवायचंच असेल तर सुती दोऱ्याने शिवा. चिकटपट्टी पिवळी पडते, तिथे खळ बरी. चोपड्या, जुनी पत्रं, वह्या धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा, तळाशी खडखडीत वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. डबा भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका. वाळवी तिथूनच येते. दसऱ्याच्या साफसफाईत बाहेर काढा, सावलीत वारा द्या आणि पाला बदला. प्रत्येक चोपडीवर तारीख आणि गाव घाला. पुढे कोणी उघडेल तेव्हा तिला कळायला हवं, कोणी लिहिलं आणि केव्हा.